बिबडीच्या पानावरची तीन वाक्यं

माझ्या बायकोला मी ज्ञानकोशातून हाकललं. इंटरनेटवरचा तो फुकटचा ज्ञानकोश, ज्यात कोणीही यावं आणि लिहावं म्हणतात, त्यातून. ती माझीच बायको आहे हे मला तेव्हा माहीत नव्हतं, आणि माहीत झालं तेव्हा ती उरली नव्हती. आता कॉलेजातले सर म्हणतात, काका, नव्या माणसांचं स्वागत कसं करावं, त्यांना कसं टिकवावं, यावर तुमच्या अनुभवाची चार पानं लिहून द्या. देतो. त्यांना पाहिजे तशी निघणार नाहीत, ते त्यांचं त्यांनी पाहावं.

मी सातवी पास. तालुक्याच्या कॉलेजात शिपाई म्हणून लागलो आणि शिपाई म्हणूनच निवृत्त झालो. घंटा दिली, पाणी भरलं, साहेबांच्या केबिनबाहेर स्टुलावर बसलो, आणि शेवटची बरीच वर्षं गेटवर पोरांची ओळखपत्रं तपासली. लायब्ररीत कोशांचे जाड जाड खंड होते, त्यांच्यावरची धूळ झटकायचं काम माझ्याकडे. आत काय लिहिलंय ते कधी उघडून पाहिलं नाही. शिपायानं पुस्तक उघडलं तर लोक हसतात.

नोकरीच्या शेवटच्या वर्षी कॉलेजात या ज्ञानकोशाची कार्यशाळा झाली. मोठ्या शहरातून दोन जण आले होते. हॉलमध्ये खुर्च्या मी मांडल्या, बॅनर मी बांधलं, पोहे मी वाटले. प्रत्येकाचं गुलाबाचं फूल देऊन स्वागत झालं. फोटो काढायच्या वेळेला मागच्या रांगेत खुर्च्या रिकाम्या दिसायला लागल्या तेव्हा सर म्हणाले, "काका, तुम्ही पण बसा. खुर्ची भरा." मी बसलो. बसलोय म्हणून माझंही खातं उघडलं. कॉलेजात शिकायला कधी गेलो नाही, पण कॉलेजाचं प्रमाणपत्र मिळालं.

खातं उघडल्याबरोबर पडद्यावर चौकट आली. माझ्या खात्याचं नाव घेऊन, आपलं स्वागत आहे, काही अडचण आल्यास विचारा, खाली कोणाची तरी सही. मला वाटलं, कोणीतरी बसलाय तिकडे आणि त्यानं मला पाहिलं. घरी गेल्यावर बायकोला वाचून दाखवली. पुढे कळलं की ती चौकट यंत्र आपोआप टाकतं, सगळ्यांना एकच. त्या दिवशी हॉलमध्ये बसलेल्या सगळ्यांना तीच गेली होती. त्यांतला एकही नंतर फिरकला नाही. गुलाब सुकला तसे ते गेले.

मी राहिलो त्याचं कारण वेगळं होतं. आमच्या गावाच्या पानावर एकच ओळ होती, हे नंदुरबार जिल्ह्यातील एक गाव आहे, बस. मी एका बोटानं टाईप करून बाजाराचा वार घातला, नदी कधी आटते ते घातलं, कापूस आणि केळी घातली. दोन दिवसांनी कोणी तरी कोकणातला माणूस येऊन माझी वाक्यं नीट करून गेला, आणि खाली लिहून गेला, "चांगली भर. नदीबद्दल अजून लिहा, आम्हाला इकडे ती माहीत नाही."

हे मी बायकोला सांगितलं. ती भाकरी थापत होती.

"कोन शे तो? तुम्हले वळखस का?"

"नही."

"वळख ना पाळख, आनि चांगलं लिखं म्हनस? जवाई करी ल्या त्याले."

पण तिलाही बरं वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी नदीचं तिनंच सांगितलं, कुठला डोह, कुठल्या वाळूत टरबुजं लावायची, हे. ती कळसाडीची, चौथीपर्यंत शिकलेली. तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. मी नुसतं बोट चालवायचो. तो कोकणातला माणूस नंतर कोणाशी तरी भांडण होऊन निघून गेला. त्याला मी कधी पाहिलं नाही. पण त्याच्या त्या दोन वाक्यांवर मी वर्षानुवर्षं राहिलो, हे खरं आहे.

निवृत्त झाल्यावर वेळच वेळ. नवापूरला दिलेल्या मुलीनं तिचा जुना फोन मला दिला. दिवसभर ओट्यावर बसून मी ज्ञानकोशच बघायचो. कोणी कुठे काय बदललं याची यादी तिथे सतत वर सरकत असते. लोक फार घाण करतात, ते पण सांगायला पाहिजे. शिव्या लिहून जातात, नेत्यांचे वाढदिवस टाकतात, आपल्या दुकानाचा नंबर घुसवतात. मी ते काढायला लागलो. मग मला एक बटण मिळालं. एकदा दाबलं की समोरच्यानं लिहिलेलं सगळं जातं आणि पान पहिल्यासारखं होतं. गस्त घालणं म्हणतात त्याला.

जन्मभर मी दुसऱ्यांच्या सांगण्यावरून गेट उघडलं आणि लावलं. हे पहिलं गेट माझं होतं. कोण आत येणार ते मी ठरवायचं. एम.ए. झालेला माणूस लिहून गेला आणि मी उडवलं तर तो माझ्याकडे विनवण्या करायचा, "आदरणीय महोदय, कृपया कारण कळवावे." आदरणीय महोदय! मला कॉलेजात कोणी पूर्ण नावानं हाक मारली नव्हती. मी कारण कळवायचो: संदर्भ नाही. एवढंच. त्यानं पुढे काय करावं ते सांगायचो नाही. मला तरी कोणी सांगितलं होतं?

आणि रोज जेवताना बायकोला हिशोब द्यायचो, आज अमक्याला काढलं, तमक्याला ताकीद दिली. ती म्हणायची, "भाकर थंडी व्हई ऱ्हायनी. तुमना त्या जगले सांगा, दहा मिनिट थांब म्हना."

ती गेली त्याच्या आधीच्या उन्हाळ्यातली गोष्ट. बिबडीचं एक पान आहे. बिबडी म्हणजे आमच्याकडचा ज्वारीचा पापड. ज्वारी तीन दिवस भिजवायची, भरडायची, तिचा घाटा शिजवायचा, ओल्या फडक्यावर थापून खाटेवर उन्हात वाळवायची. पानावर एवढंच होतं. एके दिवशी त्यात खाली तीन वाक्यं आली. "ज्या घरात त्या वर्षी माणूस गेलं असेल त्या घरात बिबडी करत नाहीत. शेजारच्या बाया आपल्या घाट्यातून त्यांची बिबडी थापतात. देताना मोजत नाहीत." लिहिणाऱ्याचं नाव होतं, आपली बिबडी.

नाव बघूनच मी ठरवलं. कोणी तरी बचत गटाची बाई, पापड विकते, जाहिरात करायला आली. बटण दाबलं. वाक्यं गेली.

दुसऱ्या दिवशी परत आली, तीच तीन. परत दाबलं. तिच्या पानावर लाल चौकटीतली ताकीद चिकटवली. मग तिथे तिनं लिहिलं, "हे खरं आहे. आमच्याकडे असंच करतात. पुरावा कसा देतात ते मला माहीत नाही. नवीन आहे, सांगा, शिकेन."

सांगा, शिकेन. मी हे वाचलं. वाचून हसलो. रात्री जेवताना बायकोला मोठ्यानं वाचून दाखवलं, बाईचा आवाज काढून. म्हटलं, बघ, पापडं विकनारी आते ज्ञानकोश लिखी ऱ्हायनी.

तिनं ताटात भाजी वाढली. मग म्हणाली, "मंग त्या बाईनं लिखेल ते खरं शे का खोटं?"

"खरं-खोटं आपलं काम नही. पुरावा पायजे."

"बिबडीना पुरावा कोन ठेवस?"

"नही ठेवस तर नही लिखानं."

"तिले शिकाडाले काय जाईन तुमनं?"

"असं एकेकले शिकाडत बसू तर व्हयनं मंग."

तिनं ताटं उचलली. दोन दिवसांनी तीच वाक्यं तिसऱ्यांदा आली. मी प्रचालकांना कळवलं. प्रचालक म्हणजे ज्यांच्या हातात बंदी घालायचा अधिकार असतो ते. लिहिलं, जाहिरातीचं खातं आहे, वारंवार तेच करते, ऐकत नाही. दुसऱ्याच दिवशी बंदी पडली. कायमची.

दिवाळीनंतर बायको आजारी पडली. चिंचपाड्याच्या दवाखान्यात ठेवलं. तिथल्या लोकांनी जीव तोडून केलं, त्यांना बोल नाही. मी तिच्या खाटेशेजारी स्टुलावर बसायचो. स्टुलावर बसायची सवय मला जुनी आहे. ती झोपलेली असली की फोन काढायचो आणि गस्त घालायचो. एकदा मला वाटलं ती झोपली आहे. डोळे मिटलेलेच ठेवून तिनं विचारलं,

"ती बिबडीवाली परत उनी का हो?"

"नही उनी. तसल्या बाया टिकतस नही."

"टिकू देतस का तुम्ही?"

मी फोनच बघत होतो. मला वाटलं, औषधाच्या गुंगीत बोलते. वर मान केली असती तर तिचं तोंड दिसलं असतं. नाही केली. चार दिवसांनी ती गेली.

दारावर भेटायला माणसं आली, सुतक फिटायचं गंधमुक्त झालं, माणसं गेली. मुलगी पंधरा दिवस राहून नवापूरला परतली. मी चहा करायला शिकलो. भाकरी अजून जमत नाही.

होळी झाली, ऊन तापलं. शेजारची बाई, चाळिशीची असेल, मला नाना म्हणते आणि बायकोला मोठमाय म्हणायची, ती एके दिवशी ओट्यावर आली. कपड्यात बांधलेली बिबडीची चवड आणली होती, हातभर उंच. माझ्यासमोर ठेवली.

मी म्हटलं, "इतली? एकटा मानूस मी. किती शेतस ह्या?"

"ह्या मोजानं नही ऱ्हातस, नाना. मोठमायनी लिखेल व्हतं ना तेच. ते तुम्ही पुसी टाकं."

मला पहिल्यांदा कळलंच नाही. मी विचारलं, काय लिहिलं होतं, कुठे लिहिलं होतं. तिला वाटलं, मला माहीत आहे. मग ती घाबरली, पदर तोंडाला लावला. मी म्हटलं, आते सांगी दे.

"मन्हा फोनवर लिखं मोठमायनी. तीन डाव. नाव मी ठेवं, मले तेच सुचनं. मी म्हनू, नानाले सांगी द्या ना. ती म्हने, नको. महिनाभर टिकू दे, मंग त्यासले दखाडसू. तुम्हले चांगलं वाटीन म्हने."

"तिले माहीत व्हतं? पुसनारा मी शे ते?"

"पहिले नही. मंग तुम्हीच जेवता जेवता वाची दखाडं ना. दुसरा दिन उनी मन्हाकडे, हासतच उनी."

"हासनी?"

"हासनी. म्हने, मन्हा नवरा जन्मभर शिपाई ऱ्हायना, आते साहेब व्हयना. व्हऊ दे." मग ती म्हणाली, "पन तिसरा डाव लिखं तव्हय हासनी नही. म्हने, आते तरी ऱ्हाऊ देतीन."

म्हणजे तिसऱ्यांदा लिहिलं तेव्हा तिला माहीत होतं की गेटवर कोण बसलंय. बसलेला ओळखेल, किंवा ओळखणार नाही पण वाचेल तरी, असं तिला वाटलं असेल. मी नाव वाचलं. वाक्यं वाचलीच नव्हती. आमच्याच घरची चाल होती ती. माझी आई गेली त्या वर्षी आमच्या खाटेवर बिबडी पडली नव्हती, ह्याच गल्लीतल्या बायांनी आणून दिली होती, मी खाल्ली होती. पुरावा माझ्या पोटात गेला होता आणि मी तिच्याकडे पुरावा मागत होतो.

शेजारीण गेली. बिबडी मी भाजून खाल्ली. अन्नाला नाही म्हणू नये.

मग मी बिबडीचं पान उघडलं आणि तिची तीन वाक्यं माझ्या हातानं परत घातली. तासाभरात गेली. माझ्यासारखाच कोणी गस्तवाला, वयानं लहान असेल. त्यानं लिहिलं, "काका, तुम्हीच तर हे काढलं होतं. संदर्भ?"

मी लिहिलं, माझ्या घरी मयत झाली, शेजारणीनं बिबडी आणून दिली, हा संदर्भ.

त्याचं उत्तर आलं, "आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत. मात्र वैयक्तिक अनुभव संदर्भ म्हणून ग्राह्य धरता येत नाही, हे आपण जाणताच."

जाणतोच. त्याला दोष कसा देऊ? मी असतो तर दुःखात सहभागी पण झालो नसतो.

मग म्हटलं, वाक्यं राहू देत, निदान तिच्या खात्यावरची बंदी तरी उठवावी. तिच्या पानावर आजही दोनच गोष्टी आहेत, माझी लाल चौकट आणि खाली तिचं "सांगा, शिकेन". यंत्राचं ते स्वागतसुद्धा तिला मिळालं नव्हतं, का कोणास ठाऊक. मी प्रचालकांना सगळं लिहिलं, लाज सोडून लिहिलं, की ती जाहिरातवाली नव्हती, माझी बायको होती, चूक माझी आहे. चार-पाच दिवसांनी उत्तर आलं. चांगल्या भाषेत होतं. बंदी उठवण्याचा अर्ज ज्या सदस्यावर बंदी आहे त्यानं स्वतः करावा, दुसऱ्याला करता येत नाही, असा नियम आहे.

तो नियम मी स्वतः किती जणांना दाखवला होता.

कोणी म्हणेल, आता तिच्या पानावर जाऊन स्वागताची चौकट तरी टाक. नाही टाकणार. जिवंतपणी दार लावलं आणि मेल्यावर तोरण बांधलं, असं नाटक मला जमत नाही.

त्यानंतर मी माझी जुनी यादी काढून बसलो. मी कोणाकोणाला परत पाठवलं ते सगळं तिथे लिहिलेलं राहतं, काही पुसलं जात नाही. एकेकाचं उघडून पाहिलं. एका बाईनं डोंगरातल्या तिच्या पाड्याचं नाव सरकारी यादीत चुकलंय म्हणून दुरुस्त केलं होतं, मी चुकीचं परत केलं. एक मास्तर पावरी भाषेबद्दल लिहीत होता, दोन ताकिदींनंतर थांबला. एकानं फक्त विचारलं होतं, फोटो कसा लावतात. त्याला मी नियमांच्या पानाचा पत्ता दिला होता. हे सगळे एकदा, दोनदा येऊन गेले आणि परत आले नाहीत. शिव्या लिहिणारे मात्र अजून येतात. ते टिकतात. त्यांना कोणी चौकट टाकली तर राग येत नाही.

ह्यातले किती जण घरी कोणाला दाखवणार होते, महिनाभर टिकलं की, ते मी कुठून शोधू?

सर, तुम्ही विचारलंत कसं टिकवावं. माझ्याकडे युक्ती नाही. मला कोकणातल्या एका माणसानं दोन वाक्यं लिहिली, ती यंत्रानं टाकलेली नव्हती, त्यानं स्वतःच्या बोटानं लिहिली होती, म्हणून मी राहिलो. तेवढं मी दुसऱ्या कोणाला दिलं नाही. घरात तीच बाई मला रोज नदी, डोह, टरबुजं सांगत होती, आणि तिनं एकदा स्वतःच्या हातानं लिहिलं तर तिला मी ओळखपत्र मागितलं. तुमच्या कार्यशाळेत गुलाब द्या नाहीतर देऊ नका. गेटवर माझ्यासारखा बसवलात तर गुलाब काय करणार?

मी गस्तीचं बटण परत द्यायला अर्ज केला आहे. लिहिलं, माझा हा अधिकार काढून घ्या, मी लायक नाही. त्याला दोन महिने होत आले. पहिल्यांदा एक उत्तर आलं, "काका, कृपया फेरविचार करावा. माणसं फार कमी आहेत, आपल्यासारखे अनुभवी सदस्य टिकणं गरजेचं आहे." मग आणखी एकाचं आलं. मग तुम्ही स्वतः घरी आलात, सर, ओट्यावर बसलात, चहा घेतलात, आणि म्हणालात, काका, तुम्ही जाऊ नका. गेल्या आठवड्यात माझ्या पानावर कोणी तरी आभाराचं चित्र लावून गेलं, फुलांचं.

तिला काढायला एक दिवस लागला होता. मला काढायला कोणी तयार नाही.